तोंडात राहिलेला ‘ये’

जळगाव,
ता. १४ फेब्रुवारी १९७७

ती. नर्मदावहिनीस भिकनचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल. नवं आकाशवाणी केंद्र सुरू होऊन दोन महिने झाले, तरी रंगाचा वास जात नाही. स्टुडिओच्या भिंती बोलणं गिळून टाकतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, घसाच बसला. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मी अहिराणीतून गप्पा मारतो. वेळ संपली की काचेपलीकडून साहेब हात हलवतात, मग घाईघाईने ‘बरं मंडळी, आते जास’ असा निरोप घेऊन उठतो.

दिवाळीत आबांशी भांडून निघालो, त्यानंतर त्यांना तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. शेती सोडून पोपटपंची करायला गेला, हाच राग असणार. आखाजीच्या सणाला घरी यावंसं फार वाटतं. पण आबांनी दारातच तोंड फिरवलं तर मला सोसायचं नाही. त्यांच्या मनाचा ठाव घेऊन कळवा.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
आपला दीर,
भिकन

नरडाणे,
ता. १९ मार्च १९७७

चि. भिकनभाऊजींस अनेक उत्तम आशीर्वाद.

कपाशीच्या किडीवर मोठ्या ऐटीत बोलता म्हणे, पण फवारणीचा पंप तुम्ही कधी पाठीवर घेतल्याचं मला आठवत नाही.

आबा तुमचं नाव काढत नाहीत. मात्र रोज तिन्हीसांजेला पारसमल शेठच्या दुकानात तंबाखू आणायला जातात. घरात डबा काठोकाठ भरलाय. शेठच्या प्रेमकुंवरभाभी सांगत होत्या, आबा रेडिओकडे पाठ करून बाकावर बसतात आणि मध्ये कोणी बोललं की डोळे वटारतात. शेतीचाच राग असता तर ऐकायला कशाला गेले असते? पण घरी येतात ते तोंड पाडून, अर्ध्या भाकरीवरून उठतात. मला काही उमगत नाही, आणि बघवतही नाही.

काल मात्र मला हाक मारून म्हणाले, कागद आण, रेडिओच्या साहेबांना तक्रार लिहायची आहे. सांगितलं तसं शब्दाला शब्द लिहून दिलं. त्याची नक्कल सोबत धाडते. तुमच्या नोकरीवर बेतलं तर मला क्षमा करा.

आठवण असू द्या.
तुमची वहिनी,
नर्मदा

(नक्कल)

आकाशवाणीना साहेबले नरडाणाना आधार पाटीलना रामराम.

तुमना कार्यक्रम मी रोज ऐकस. पोऱ्या बोलस चांगला. पन उठताना ‘जास’ म्हनस, ते चांगलं नही. आपलाकडे जानारा मानूस ‘येस’ म्हनस, आनि घरना लोके म्हनतस, ‘ये’. मना पोऱ्या दिवाईले असाच ‘जास’ म्हनीसन उंबरा वलांडी गया. मना तोंडमा ‘ये’ तसाच ऱ्हाई गया. रोज संध्याकाले तोच शबद पुन्हा ऐकना पडस. त्याले सांगा, तेवढा एक शबद बदल.

बाकी बठ्ठं बरं शे.

नरडाणे,
ता. २७ मार्च १९७७

चि. भिकनभाऊजींस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल राहवलं नाही, पदर सावरून मीही दुकानात जाऊन उभी राहिले. शेवटी तुमचा आवाज अडखळला. शेठना वाटलं, रेडिओच बिघडला. ते उठून बटण पिळायला लागले. मग तुम्ही म्हणालात, “बरं मंडळी, येस.”

मला तर रडू आवरेना. आबा बाकावरून उठले, रेडिओकडे वळले आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, “ये, भाऊ. आखाजीले ये.”

वाट पाहणारी,
तुमची वहिनी,
नर्मदा