आतून दोन पिना

४ जून
चाई पडली. मला! दिवसभर पार्लरमध्ये दुसऱ्यांची डोकी माझ्या हातात, आणि माझ्याच डोक्याला मागे नाण्याएवढा गुळगुळीत गोल. सापडला माझ्यासोबत काम करणारीला. माझे केस रंगवता रंगवता थांबली. "हे कधीपासून गं?" मी म्हटलं, काय हे? तिनं माझं बोट धरून तिथं टेकवलं. गालासारखं मऊ लागलं.

७ जून
सासूबाईंनी उशीवरचे केस पाहिले, मग सांगावंच लागलं. लसूण वाटून चोळला त्यांनी. "झोंबलं म्हणजे लागू पडतंय." फोड आले. नवरा म्हणतो, टेन्शन घेऊ नकोस, येतील आपोआप. नळ गळत असला तरी हा माणूस हेच म्हणतो.

१५ जून
आता तीन. औषधाच्या दुकानातून बुरशीचं मलम आणलं होतं, तेही पाण्यात.
भांग मधून काढून उजवीकडे नेला, वरची बट मागे घेतली, आतून दोन पिना. बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. गिऱ्हाइकांची विरळ डोकी अशीच तर झाकत आले इतकी वर्षं. लेक, ठकी, दारात उभी राहून टक लावून बघत होती. नऊ वर्षांची झाली, पण प्रश्न काही संपत नाहीत.
"असं का करतेस?"
कुणाला दिसू नये म्हणून.
"दिसलं तर?"
लोक हसतात, म्हटलं. मला उशीर होत होता. हाकलली तिला.

२२ जून
पडलेला कंगवा उचलायला वाकले आणि पिन सुटली. नेहमीच्या बाई खुर्चीत होत्या. मला काही बोलल्या नाहीत, सरळ जाऊन मालकिणीशी बोलल्या. संध्याकाळी मालकीण — "तुझा दोष नाही गं. पण लोकांना वाटतं, एकाचं दुसऱ्याला लागतं. थोडे दिवस आतलं बघ."
आतलं म्हणजे टॉवेल धुणं. माझ्या खुर्चीपाशी नवी मुलगी उभी असते. तिला धड कात्री धरता येत नाही.

२३ जून
रडले. बस्स.

१ जुलै
शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. भिंगातून टाळू पाहिली, नखंही पाहिली. बुरशी नाही म्हणाल्या. कुणाला लागतही नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच केसांच्या मुळांवर तुटून पडतात. म्हणजे घरच्या कुत्र्यानं घरच्यांनाच चावायचं! कायमचं जाईल ना, विचारलं. "मुळं मेलेली नाहीत. केस येऊ शकतात, पुन्हा जाऊही शकतात. खात्री देणार नाही." खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं मला.
टाळूत बारीक सुया टोचल्या. दात आवळून बसले. निघताना म्हणाल्या, घरात आणखी कुणाला दिसलं तर वेळ घालवू नका. आणखी कुणाला दिसणार? नवऱ्याचं तर मैदान केव्हाच झालंय.

२० जुलै
ठकी हल्ली केसांना हात लावू देत नाही. दार लावून स्वतःच विंचरते. सासूबाई म्हणाल्या, मोठी झाली. बरंच झालं, सकाळचं एक काम कमी.

९ ऑगस्ट
परत सुया घेतल्या. पहिल्या गोलात पांढरी लव आलीय. बोट सारखं तिथंच जातं. मालकिणीला डॉक्टरीणबाईंचं सगळं नीट समजावलं. सोमवारपासून खुर्ची परत मिळणार. "पण झाकून ये हं," म्हणाली. झाकेन की. त्यात काय.

११ ऑगस्ट
ठकीला ताप. कपाळावर ओली पट्टी ठेवायला केस मागे सारले. तिचा भांग उजवीकडे होता. वरची बट मागे घेतलेली, आतून माझ्याच दोन पिना. काढल्या. खाली माझ्या तळहाताएवढं मऊ.
मला वाटलं, झोपलीय.
"आई, लाव ना परत. कुणाला तरी दिसेल."