सहा मिनिटांच्या चालण्यात दिलेला शब्द

कोल्हापूर, मंगळवार

तीर्थस्वरूप सौ. आक्कास,

धाकट्या आकारामचा दंडवत. दाजींचा गुडघा आणि तुझा राग दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर बोललं की तुझी भावजय, आमची वर्षाराणी, ऐकते.

माझं म्हणशील तर हृदयात स्प्रिंग बसवून पाच महिने झाले. (उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवली, शेवटी माझ्यातच पार्ट बसवला.) हल्ली मी एका संशोधनात आहे. फिजिओथेरपीच्या कॉलेजात संयोगिता नावाची तरुण डॉक्टर आहे, ती हृदय, फुप्फुस आणि मांडीचे स्नायू या तिघांचं आपसात कितपत पटतं ते मोजते. माझ्यात तिघांची वाटणी कधीच झालीय, असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. तरी तिनं नळीत फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, अजून फुंका" असं ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेर बसलेल्या दोघांनी जागेवरच फुंकलं. मग मुठीनं दाबायचं यंत्र आलं. ते मी ईर्षेनं दाबलं आणि दोन दिवस मला भाकरी मोडता आली नाही.

गेल्या गुरुवारी चालण्याची चाचणी होती. तीस मीटरचा बोळ, दोन्ही टोकांना प्लास्टिकचे लाल कोन, त्यांच्यामध्ये सहा मिनिटं जायचं-यायचं. बोलायचं नाही, कारण दम मोजत असतात. पलीकडच्या टोकाला भिंत आणि तिच्यावर हृदयाचं भलं मोठं चित्र. दुपारचे बारा वाजलेले, बोळात मी आणि घड्याळ धरून उभी संयोगिता, बस्स. चौथं मिनिट संपलं आणि माझ्यापुढं एक म्हातारा चालताना दिसला. पांढरी टोपी, छातीवर पस्तीस नंबरचा बिल्ला (माझा छत्तीस). कुठून आला ते कळलं नाही. आता कोणी पुढं चाललंय म्हटल्यावर आपल्याला राहवतंय होय? मी पाय उचलले. त्यानंही उचलले. माझे बूट वाजत होते, त्याचे वाजत नव्हते.

बरोबरीला आलो तसा तो म्हणाला, "दमानं पावणं. माझी दोनच मिनटं ऱ्हायल्यात." अंगावरून गार वारं गेलं, पण माणूस गोड वाटला. पलीकडच्या कोनापाशी पोचलो तर चित्राच्या जागी उघडं दार, आत अंधार, आणि चहा उकळल्याचा वास. "घर आलंच की. च्या घिऊन जावा." आता तूच सांग, दारात उभं राहून कोणी चहाला बोलावलं तर आपला माणूस नाही म्हणतो का? मी म्हटलं, आज नको, पुढच्या गुरुवारी येतो की. तो म्हणाला, "वाट बघतो."

तेवढ्यात संयोगिता ओरडली, काका, भिंतीशी काय बोलताय? सहा मिनिटं झाली होती. भिंत होती, चित्र होतं. कमरेला बांधलेल्या पावलं मोजायच्या यंत्रात मात्र शेवटच्या दोन मिनिटांतली पावलं दुप्पट निघाली. यंत्र बिघडलंय, ती म्हणाली. (यंत्राला दोष देणं सोपं, मी तीस वर्षं तेच केलं.) मी सहज पस्तीस नंबरचं विचारलं. तिनं सांगितलं, वारणानगरचे आण्णा म्हणून होते. दोन महिन्यांपूर्वी त्याच बोळात, चौथ्या मिनिटाला गेले.

परवा शेवटची चाचणी आहे. चुकवली तर पुन्हा लेथवर उभं राहायचा दाखला मिळत नाही. आणि घरी बसून मी वर्षाराणीला वांगी कशी चिरायची ते शिकवतोय, त्यामुळे दाखल्याची घाई माझ्यापेक्षा तिलाच जास्त आहे. बाकी क्षेम.

तुझा आकाराम

ता. क. मी घाबरलेलो नाही. असल्या गोष्टी मी मानत नाही. चार दिवस चहा सोडलाय तो पित्तामुळे.

ता. क. २. खरं सांगतो, घाबरलोय. शब्द देऊन बसलोय गं, आणि दिलेला शब्द मोडायची आपल्या घरात रीत नाही. पण पाहुणा कुणाकडे गुंतला आणि घरचं माणूस न्यायला दारात आलं, की यजमानाला त्याला सोडावंच लागतं, हीही रीतच आहे. आण्णांनाही ती ठाऊक असणार. वर्षाराणीला सांगितलं तर ती रडत बसेल. तू ये. त्या कोनापाशी उभी राहा, आणि भिंत दिसो की दार, माझा हात धरून म्हण, चल, भाकऱ्या गार व्हायल्यात. मला अजून जायचं नाही, आक्का.

ता. क. ३. आत्ता वर्षाराणी सांगतेय, सकाळी कोणी टोपीवाले आजोबा दारात विचारून गेले, "पावणं साखरंचा घेत्यात का बिनसाखरंचा?" तिनं बिनसाखरेचा सांगितलं. पत्र वडापच्या जीपवाल्याच्या हाती देतोय. त्याच गाडीनं ये.