येळवशीची बैठक

लोहारा, भर दुपार

प्रिय गायत्रीअक्का,

प्रथम एक गंभीर तक्रार. तू दिलेल्या थर्मासने स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. सकाळी भरलेला चहा दुपारी संन्याशासारखा निर्विकार निघतो.

दुसरं म्हणजे, पुण्यातल्या मोठ्या कंपनीतलं उपाध्यक्षपद सोडून मी इथल्या शेतकऱ्यांच्या कंपनीचा कारभार हाती घेतला, त्यानंतरची पहिली मोठी बैठक आज होती. यंदाची तूर व्यापाऱ्याला न देता कंपनीला द्या, हे मी सभासदांना पटवणार होतो. खुर्च्या मांडल्या, तक्ते लावले. कुणीही आलं नाही. शेवटी आमच्या कंपनीचे अध्यक्ष उत्तरेश्वरराव यांना फोन लावला.

"आवं साहेब, आज येळवस न्हाय का! सारं गाव रानात जेवतंय. आमाला वाटलं, तारीख चुकून पडली आसंल, तुमीच बदलताल."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"साहेबाला कसं सांगावं?" ते हसले. "या की आमच्या रानात. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी हाय, आंबील हाय."

इथून जवळच्याच माकणीत जन्मलेला मी येळवस, आपली वेळा अमावस्या, विसरलो, अक्का! धर्मशास्त्रात याला प्रायश्चित्तसुद्धा नसेल. घरी पाहुणे आलेत असं खोटंच सांगून मी फोन ठेवला आणि रिकाम्या खुर्च्यांत बसून राहिलो.

हे पत्र तुला पाठवणार नाही. वाचलंस तर बसवकल्याणहून जीप करून निघशील. पुण्यात आता माझी जागा उरली नाही, आणि इथं माझी चूकसुद्धा मला कुणी तोंडावर सांगत नाही. ही माणसं मला कधी आपलं म्हणणारच नाहीत, अशी मला भीती वाटते.

तुझा धाकटा,
शांतलिंग