बियांची तल्लफ

४ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. वाचणारं कोणी नाही, तेव्हा खरं तेवढंच लिहायचं. (संकल्प पहिला.)

काल संपादकांनी बोलावून घेतलं. आजवर वार्ताहर म्हणून मी गटारं, पाणीकपात आणि सभागृहातली खुर्च्यांची फेकाफेक एवढंच लिहीत आलो. रविवारच्या पुरवणीत बागकामाचं सदर लिहिणाऱ्या बाई मुलीकडे राहायला गेल्या आणि सदर पोरकं झालं. संपादक म्हणाले, झाडांतलं काही कळतं का हो तुम्हाला? म्हटलं, माझं संस्कृत झालंय. म्हणाले, असू दे, झाडं काही खुलासा छापा म्हणून दारात येत नाहीत.

विषय जागच्या जागी सुचला. कठीण सालीचं बी फिक्या, गार, कोऱ्या चहात भिजवलं की साल मऊ पडते आणि अंकुर लवकर फुटतो, असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं. बागकाम मला येत नाही, पण चहा येतो. म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे.

दुपार
अभ्यास सुरू. फळीवरचे डबे उतरवले. हिरवा चहा: चव गवताची, पण सुसंस्कृत गवताची. जाईचा चहा: प्यायल्यावर उगाच कुणाची तरी माफी मागावीशी वाटते. धुरकट काळा: आग दुसऱ्याच्या घराला लागलेली असताना खिडकीत बसून प्यावा असा. कॅमोमाइल: बुरशी दूर ठेवतो म्हणे, माणसंही ठेवत असावा. शेवटी आपला रोजचा काळा. पाचही दोन-दोनदा चाखले. छातीत धडधड. याला व्यासंग म्हणतात.

६ फेब्रुवारी
मेहुणा आला होता. सासूबाई गेल्यावर त्यांचं घर विकलं. घेणाऱ्याने ताबा घेण्याआधीच पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीवर चढलेली निळ्या फुलांची वेल मुळासकट उपटली. वेलीचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. घरात तिला 'खिडकीवरची' म्हणत. मेहुण्याने वाळक्या शेंगांतलं बी आधीच काडेपेटीत भरून ठेवलं होतं. आता वेलीचं म्हणून जगात तेवढंच उरलंय. काडेपेटी त्याने हिच्या हातात दिली. ही बराच वेळ ती कानाशी धरून हलवत बसली.

मी डोकावून पाहिलं. बिया काळ्याभोर, खड्यासारख्या टणक. माझ्या प्रयोगासाठीच जन्माला आलेल्या.

७ फेब्रुवारी
हिला शास्त्र समजावून सांगितलं. ही म्हणाली, अहो, बियांना तहान लागते, तल्लफ नाही. आणि तुमचं शास्त्र बाजारातल्या बियांवर करा की! मी म्हटलं, बाजारच्या बियांना ही साल कुठली? कन्या (कॉलेजात आहे, सर्व विषयांवर मत आहे) म्हणाली, आई, निम्म्या बाबांना दे, निम्म्या तू लाव. बघू कोण जिंकतं ते. यावर ही म्हणाली, मला जिंकायचं नाहीये गं. मला आईची वेल हवीय.

तरी पाच बिया माझ्या तळहातावर ठेवल्या. मी मूठ मिटली तरी वरून धरलेला हात काही सोडेना. हा विश्वास म्हणायचा. चेहरा विश्वासाचा नव्हता, पण उजेडही कमी होता.

संध्याकाळ
पाच वाट्या, पाच चहा, प्रत्येकीत एक बी. हिने आपल्या बिया पॉलिश पेपरवर जराशा घासल्या आणि सरळ नळाच्या पाण्यात टाकल्या. कसला विधी नाही, कसली पूर्वपीठिका नाही.

सदरासाठी श्लोक रचला:
सिञ्चेद् बीजानि चायेन शीतेनैव न चान्यथा।
बियांना चहा द्यावा, तोही गारच. एरवी देऊ नये. छंद निर्दोष. प्राचीनांनी हे कधीच लिहून ठेवलं असतं, पण बिचाऱ्यांकडे चहा नव्हता.

८ फेब्रुवारी
वाट्या उपसताना कुठलं बी कुठल्या चहातलं याची सरमिसळ झाली. (जाईचा चहा वाया जाऊ नये म्हणून वाटी तोंडाला लावली, बी दाताला लागलं तेव्हा प्रयोग आठवला.) शास्त्रीय भाषेत: निष्कर्ष एकत्रित समजावेत.

गॅलरीत दोन सारख्या कुंड्या. डावी हिची, उजवी माझी. कन्येने आइसक्रीमच्या काड्यांवर 'पाणी' आणि 'चहा' लिहून त्या रोवल्या. रोज सकाळी हिच्या कुंडीला दोन चमचे पाणी, माझ्या कुंडीला दोन चमचे गार कोरा चहा. उरलेला मला.

संकल्प दुसरा: धीर. कुंडीला बोटसुद्धा लावायचं नाही.

९ फेब्रुवारी
बोट लावलं. पण न्यायशास्त्राच्या आधाराने. स्थालीपुलाकन्याय, म्हणजेच शितावरून भाताची परीक्षा. एक बी उकरून पाहिलं, पुन्हा पुरलं. प्रगती नाही.

१२ फेब्रुवारी
परवा दुसरं शीत. काल तिसरं. आज पहिलं पुन्हा, कारण मधल्या काळात त्याचं मन बदललं असू शकतं. हिने गॅलरीच्या दारातून पाहिलं. म्हणाली, अहो, मूल झोपलंय की नाही हे बघायला त्याला दर घटकेला उठवतात का? उत्तर तयार होतं, पण नखांत माती होती.

१५ फेब्रुवारी, रविवार
सदर छापून आलं. श्लोकाखाली उपसंपादकाने स्वतःच्या अकलेने ओळ घातली आहे: 'असे आपले पूर्वज सांगून गेले.' मी दुरुस्ती सुचवली नाही. पूर्वजांना हरकत असती तर ते कळवते.

शेवटी जाहीर केलंय, की एक मार्चच्या अंकात निकाल, छायाचित्रासह. हे लिहिताना आत्मविश्वास होता. आता जेवणानंतर थोडा कमी आहे.

१७ फेब्रुवारी
ही भावाकडे गेली. आईच्या घरातलं उरलंसुरलं आवरून चाव्या द्यायच्या आहेत. निघताना सांगून गेली, माझ्या कुंडीला दोन चमचे पाणी घाला. पाणी. शब्द दोनदा उच्चारला. वार्ताहराला एकदा सांगितलेलं पुरतं.

१८ फेब्रुवारी, सकाळ
हिच्या कुंडीत तीन अंकुर. मान वाकवलेले, पोपटी. माझ्या कुंडीत माती. उकरली, आणखी माती.

हिचा फोन. रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. म्हणाली, खिडकी किती उघडीबोडकी दिसतेय हो. मग म्हणाली, काही आलं का? मी म्हटलं, बघतो आणि सांगतो.

कन्या कॉलेजात. शांतपणे विचार केला. एखाद्या पद्धतीचं भवितव्य केवळ कुंडी कुठे ठेवली आहे यावर अवलंबून असावं का? वाचकांना शब्द दिलेला आहे. दोन्ही कुंड्या उचलल्या, अदलाबदल केली. काड्याही बदलल्या, म्हणजे उजवीकडे पुन्हा 'चहा' आणि डावीकडे पुन्हा 'पाणी'. मग फोन केला आणि सांगितलं: आली! उजव्या कुंडीत तीन अंकुर आहेत.

शब्दशः खरं. संकल्प पहिला अबाधित.

मग ही भावाला ओरडून म्हणाली, अरे, खिडकीवरची आली! मेहुण्यानेही काहीतरी ओरडून विचारलं. दोघंही हसत होती, नाकाने सूंसूं करत. कोण जिंकलं हे कुणीच विचारलं नाही. त्या घराण्यात खेळाडूपणा कमीच.

१९ फेब्रुवारी
ही परतली. बॅग दारातच टाकून गॅलरीत. उजव्या कुंडीपाशी बसून राहिली. म्हणाली, जिंकलात हो तुम्ही. आणि त्या चहाला मी नावं ठेवत होते. मग माझ्यासाठी स्वतःहून जाईचा चहा केला. नेहमीपेक्षा कडू लागला. पाणी जास्त उकळलं असणार.

डाव्या कुंडीकडे पाहून म्हणाली, राहू दे. घालत जाईन दोन चमचे.

२० फेब्रुवारी
संपादक म्हणाले, सोमवारी फोटोग्राफर पाठवतो. अंकुर फोटोत भरतील असे नाहीत. पोषण वाढवायला हवं. कोरा चहा हा बी-अवस्थेतला आहार. अंकुर फुटला म्हणजे ते बाळ झालं. आणि बाळाला दूध नको? थोडी साखरही. चांगला अर्धा कप घातला. गार करून. श्लोकाशी प्रतारणा नाही.

२१ फेब्रुवारी
सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा. मातीवर साय आली आहे. सकस दिसते.

२३ फेब्रुवारी
मुंग्या. एक ओळ कठड्यावरून, एक भिंतीवरून, एक बहुधा शेजाऱ्यांकडून. फोटोग्राफर आला. खाली वाकला, नाक धरलं आणि म्हणाला, लेख मुंग्यांवर आहे का? फोटो न काढताच गेला. हल्ली या लोकांना प्रतीक्षा करायला नको.

२४ फेब्रुवारी
तिन्ही अंकुर आडवे. देठ बुडाशी काळे पडले.

कन्या म्हणाली, बाबा, दूध? झाडाला? कुणी सांगितलं? मी म्हटलं, प्रयोगात पथ्य चुकतं कधीकधी. ही कुंडीपाशी बसली. तिन्ही अंकुर बोटाने वेचले, मुठीत धरून जरा वेळ उभी राहिली. उरलेल्या दोन बिया मातीत चाचपल्या. त्या कुजलेल्या होत्या. मग आत जाऊन कणीक मळायला घेतली.

संध्याकाळचा चहा घेतला नाही. पित्त असावं.

२५ फेब्रुवारी
सगळे डबे फळीवर परत ठेवले. पित्त कायम.

२६ फेब्रुवारी, सकाळी लवकर
हिची हाक. इतक्या मोठ्यांदा, की मी दाढीचा साबण तसाच घेऊन धावलो. डाव्या कुंडीत अंकुर! चार! पाचवाही माती उचलू लागलेला!

ही रडत होती आणि हसत होती. म्हणत होती, बघा, मी रोज दोन चमचे पाणी घातलं आणि हात लावला नाही, बाकी काही केलं नाही! मेहुण्याला फोन. त्यालाही तेच: साध्या पाण्यावर आली रे!

मी साबण लावलेला चेहरा घेऊन उभा. त्या बिया माझ्या. हिरव्याच्या, जाईच्या, धुरकटाच्या, कॅमोमाइलच्या, रोजच्या काळ्याच्या. पाचच्या पाच! चहा लागू पडला होता. मी उकरणं थांबवायचाच अवकाश होता.

म्हणजे मी बरोबर होतो. आयुष्यात प्रथमच, पुराव्यासकट. आणि सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल, की दूध पाजून मारले ते कुणाचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फेसामुळे चेहरा झाकला गेला, एवढीच दाढीची कृपा.

तेवढ्यात ही कुंडीवर वाकली. मातीचा वास घेतला. पुन्हा घेतला. वळून माझ्याकडे पाहिलं. चांगलं टक लावून पाहिलं. मी म्हणालो, हवा छान आहे. ती हो म्हणाली. आमच्या संसारात हिने बोललेल्यापेक्षा न बोललेली वाक्यं मला जास्त पाठ आहेत.

२७ फेब्रुवारी
सदर द्यायची शेवटची मुदत आज. ही चहाचा कप टेबलावर ठेवून शेजारीच बसली. म्हणाली, लिहा आता, की वेल साध्या पाण्यावर आली. नाहीतर लोक तुमचं ऐकून उगाच बियांवर चहा ओतत बसतील. मी म्हटलं, एकाच प्रयोगावरून असं ठाम विधान करणं… ही म्हणाली, करा. मग हळूच विचारलं, का, दुसरं काही लिहिण्यासारखं आहे का तुमच्याकडे? डोळे कपाकडे, पण कोपरे हसत होते.

लिहिलं. पूर्वजांचं वचन सपशेल मागे घेतलं. चहाला नावं ठेवली, पाण्याचे गोडवे गायले. शब्दागणिक हात अडखळत होता; ही शेजारी बसून शुद्धलेखन तपासत होती. छायाचित्रात ही आणि डावी कुंडी.

१ मार्च, रविवार
छापून आलं. मथळा: 'बियांना साधं पाणीच द्या.' मेहुण्याने पाच अंक घेतले.

दुपारी संपादकांचा फोन. म्हणाले, अभिनंदन हो. इतकी वर्षं तुमचं लिखाण वाचतोय, पण शब्द न् शब्द खरा वाटला असा हा तुमचा पहिलाच लेख.