बॉयलरच्या पूजेचा फोटो

आई,

परवा भाची आली होती, तुझ्या लेकाची धाकटी. दिवसभर मोबाईलवर कोरियाच्या कुठल्याशा राजाची मालिका बघत बसते, हिंदीत केलेली. मेथी निवडता निवडता मी आधी कान दिला, मग डोळेही. राजाची एक धाकटी राणी असते. तिला मुलगा होतो, पण तो धरायचा थोरल्या राणीचा, असा तिथला रिवाज. त्यानं थोरलीला आई म्हणायचं आणि जिनं जन्म दिला तिनं त्याच्यापुढं मान वाकवायची. बदल्यात तिच्या बापाला, भावाला दरबारात जागा. मला हसूच आलं. आपल्या मामाला आबांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चिकटवलं होतं ते आठवलं. पुढं तो मुलगा राजा होतो आणि मेलेल्या आईचं देऊळ बांधतो, हे भाचीनं फार कौतुकानं सांगितलं. मी विचारलं, त्या राणीला मुलगी नव्हती का गं? तर म्हणाली, "आसंल आत्या, दाखवली न्हाई." तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात आहे.

आबा त्या कारखान्याचे चेअरमन, शंभर गावांत ऊठबस, आणि पहिल्या बायकोची, मोठ्या बाईंची, कूस उजवली नाही म्हणून दिंद्रुडच्या गरीब घरातून तुला आणलेली. आधी मी झाले. मला कुणी मागायला आलं नाही. मग तो झाला आणि बारशाच्या दिवशीच मोठ्या बाईंच्या ओटीत गेला. अंगणाच्या त्या अंगाला तो आणि त्याची आई, या अंगाला चुलीपाशी तू आणि मी. तो तुला मावशी म्हणायचा. बाया तुझ्यासाठी हळहळायच्या, आणि मी मनातून खूश होते, कारण मला वाटायचं की आता आई माझी एकटीची. कसली एकटीची? तू भाकरी थापतेस, हात परातीत आणि नजर अंगणापार. तो खोकला तर तुझी भाकरी करपते. मी तापानं फणफणले तेव्हा मात्र भाकऱ्या गोल आणि पांढऱ्या निघत होत्या, हे मी नीट बघून ठेवलं आहे.

त्या दुष्काळात तर तू कमालच केलीस. टँकर दोन-दोन दिवस यायचा नाही, उभा ऊस तोडून छावणीतल्या जनावरांपुढं टाकायची पाळी आली होती. आपल्या वाट्याला आलेल्या पाण्यातली अर्धी घागर तू गुपचूप पलीकडं द्यायचीस, त्याच्या आंघोळीसाठी. पलीकडं काय पाणी नव्हतं? चेअरमनचं घर ते. पण त्याच्या अंगावर तुझ्या हातचं पाणी पडायला हवं होतं. मला मात्र ओल्या फडक्यानं पुसून काढायचीस आणि वर म्हणायचीस, पोरीच्या जातीला काय होतंय.

मग ती पूजा आली. हंगामाआधी बॉयलर पेटवायचा तर चेअरमननं जोडीनं पूजेला बसायचं, आणि जोडी म्हणजे आबा आणि मोठ्या बाई, हे ठरलेलं. त्या वर्षी ऊसच नव्हता, कारखाना चालतो की नाही यावर पैजा लागत होत्या, म्हणून मुहूर्त टाळणं शक्य नव्हतं. आणि ऐनवेळी मोठ्या बाईंना विटाळ आला, बाजूला बसावं लागलं. सकाळीच त्यांचा शालू आपल्याकडं आला. तू तो नेसलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. जीपमध्ये तुझ्या मांडीला मांडी लावून बसले होते मी. मनात एकच, आज सगळ्या जगाला दिसेल की ही माझी आई आहे.

पण भटजी म्हणाले, चिरंजीवांना मांडीवर घ्या. आणि तू घेतलंस. किती पटकन घेतलंस गं. तो चांगला घोडा झालेला, पाय जमिनीला टेकत होते, आणि चुळबुळ करत म्हणत होता, "मावशी, सोड मला. आईकडं जायचंय." तू हसतेस आणि हात आणखी घट्ट करतेस. माजलगावहून आणलेला फोटोग्राफर फोटो काढतो. आबा फेट्यात, तू शालूत, तो तुझ्या मांडीवर. मी फोटोग्राफरच्या मागं उभी आहे. तू एकदाही वर बघत नाहीस, त्याच्या भांगाकडं बघत राहतेस. बॉयलर पेटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

घरी आल्यावर मी भांडलेच. म्हटलं, तो तुला मावशी म्हणतो, आई मी म्हणते. तू शालूची घडी घालत होतीस. मला वाटलं जवळ घेशील. तू म्हणालीस, "तू तर हायसच की माजी. जे हातात हाय, त्येच्याकडं कोण सारखं बघत बसतंय?" एवढं बोलून घडी उचलून पलीकडं द्यायला गेलीस. हे वाक्य लोकांना गोड वाटेल. मला ते आजही गोड लागत नाही.

तुझ्या शेवटाला मीच होते. पाठीला तेल लावायला मी, बीडच्या दवाखान्यात उशाशी मी. तो यायचा, खुर्चीवर टेकायचा, "मावशी, बरं हाय का?" विचारून मीटिंगला जायचा, आणि तू आठवडाभर त्या एका प्रश्नावर जगायचीस. मग तुला अंगणात आणून ठेवलं. तोंडात पाणी घालायची वेळ आली तसा मी तांब्या उचलला. मोठ्या बाई काठी टेकत पुढं आल्या आणि तांब्या माझ्या हातातून घेऊन त्याला दिला. म्हणाल्या, "तू घाल. आई म्हनून घाल." आणि तो आई म्हणून असा ओरडला की अख्खं अंगण रडलं. मीही रडले. तू गेलीस म्हणून रडते आहे असं सगळ्यांना वाटलं. माझ्याकडं तो एकच शब्द होता, त्याच्याकडं नसलेला. तोही त्यानं नेला.

आता त्याला तो फोटो हवा आहे. मोठा करून दिवाणखान्यात लावायचा म्हणतो, खाली 'आई' असं लिहून. भाचीला त्यासाठीच पाठवलं होतं. मी तिच्यादेखत कपाट उपसलं आणि सापडत नाही म्हणून सांगितलं. फोटो माझ्या साड्यांच्या खाली आहे. भाची गेल्यावर काढून बघितला. तू अजून त्याच्या भांगाकडंच बघते आहेस. द्यावा की नाही, हे तुला विचारायचं म्हणून लिहायला बसले होते. पण विचारत नाही. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे.