रांधणारीचं ताट

प्रिय आई,

सगळ्यांना वाढून शेवटी गार आमटीशी भात कालवणाऱ्या तमाम बायांनो, अशीच सुरुवात करणार होते. पण त्या बायांत पहिली तू, म्हणून तुलाच लिहिते.

माझी काळजी करू नकोस. खोली उबदार आहे, काम बरं चाललंय आणि गल्लीच्या टोकाला एक थाई खानावळ सापडलीय. नारळाच्या दुधातली हिरव्या मिरचीची आमटी, गवती चहाचा वास, वाफाळता भात! पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने गं.

तिथे सगळी भांडी टेबलाच्या मध्यभागी ठेवतात आणि सगळे त्यातून घेतात. रविवारी गर्दी ओसरल्यावर रांधणारी मालकीण घाम पुसत आम्हा गिऱ्हाइकांतच येऊन बसली. तिच्या नवऱ्याने आधी तिला वाढलं.

मी विचारलं, "रोज असंच?"

ती म्हणाली, "मग? मी उपाशी राहिले तर उद्या चूल तुम्ही पेटवणार का?"

मी "वा!" म्हणत टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्यांची आमटी सांडली.

धाकट्याने कळवलं, परवा तुला ओट्यापाशी चक्कर आली. म्हणे ऊन लागलं. आई, स्वयंपाकघरात कसलं ऊन? दुपार टळेपर्यंत तुझ्या पोटात घास नव्हता.

बाबांचा गुडघा कसा आहे? हात तर धडधाकट आहेत ना? मग हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आजच सगळ्यांबरोबर जेवायला बस आणि पहिला भात त्यांच्या हातून तुझ्या ताटात वाढून घे.

तुझीच भांडखोर,
थोरली