कोपरा

भाईंदर
२० जानेवारी १९८८

चि. सौ. नीलिमास, आप्पांचे अनेक आशीर्वाद, विशेष.

उत्तराला महिना लागला, रागावू नकोस. दोन एरोग्राम लिहून फाडले. चौथी शिकलेल्या माणसाला काळजी नीट मांडता येत नाही. तुझी आई म्हणते, फक्त खुशाली लिहा. पण राहवत नाही.

तू लिहिलंस की तिकडे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला तुमच्या पक्षाचे लोक शाळेत जमतात, आणि ज्याला जो हवा त्याच्या कोपऱ्यात उघडपणे उभे राहतात. तू एका कोपऱ्यात आणि उत्तमराव दुसऱ्यात! अगं, ते तुझे थोरले दीर. त्यांनीच तुम्हाला अमेरिकेत नेलं, त्यांच्याच घरात राहता. चारचौघांत त्यांच्या विरुद्ध उभी राहणार?

मी हे एकदा करून बसलोय. गावी पंचायतीसाठी पक्षाचा उमेदवार ठरवायचा होता, देवळासमोर हात वर करायला लावले. एकीकडे सुभाष गुरुजी, दुसरीकडे माझा चुलतभाऊ नाथा. गुरुजी शिकलेले म्हणून मी त्यांच्या नावाला हात वर केला. नाथा एका मताने पडला. बावीस वर्षं झाली. तो आता वरसाव्याला लेकाकडे असतो, इथून तासाभरावर, पण तुझ्या लग्नालासुद्धा आला नाही.

तेव्हा माझं ऐक. त्या दिवशी ताप आलाय म्हणून सांग आणि घरी बस. परागरावांना आशीर्वाद, समिधाला पापा. उत्तमरावांची तुमच्यावर माया आहेच, ती जपून ठेव.

तुझे आप्पा


आयोवा
१० फेब्रुवारी १९८८

ती. आप्पांस, नीलिमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वेळेत मिळालं, आणि मी ऐकलं नाही. समिधाला परागकडे ठेवून भाऊजींच्याच गाडीतून गेले. बर्फ इतका होता की वाटभर ते मला गाडी कशी चालवावी ते शिकवत होते.

शाळेच्या हॉलमध्ये साठ माणसं. भिंतींवर उमेदवारांची नावं चिकटवलेली. भाऊजींचा उमेदवार शेतीचं बोलतो, माझा दवाखान्याच्या खर्चाचं. मी माझ्या उमेदवाराच्या नावाखाली उभी राहिले तेव्हा नाथाकाका डोळ्यांपुढे येत होता.

मोजणी झाली. इथला नियम असा की कोपऱ्यात निदान नऊ माणसं हवीत, कमी भरली तर तो गट मोडतो आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. आम्ही सतराजण होतो. भाऊजींकडे सातच! सगळे कोपरे त्यांना हाका मारू लागले. मी मात्र मान खाली घातली. त्यांनी कोट उचलला, सगळा हॉल ओलांडून सरळ माझ्याकडे आले आणि मोठ्याने मराठीत म्हणाले की नीलिमा, सरक जरा, थोरल्याला जागा दे. गोरे लोक न समजताच हसले.

परतताना त्यांचं एकच म्हणणं होतं, दोन माणसं कमी पडली कारण तुला आणि परागला पढवायला मी विसरलो. घरी आल्यावर पिठलं त्यांनीच केलं. अंतिम उमेदवार जुलैत ठरेल, तोवर आमचं भांडण रोज जेवताना.

आईला नमस्कार. तुमची माया अशीच असू द्या.

आपली नीलिमा


भाईंदर
३ मार्च १९८८

चि. सौ. नीलिमास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या रात्री किती दिवसांनी झोप लागली. उत्तमरावांना माझा नमस्कार सांग. माणूस मोठा.

मग काय सुचलं कोण जाणे, पत्र खिशात घालून बसने काशीमिऱ्याला उतरलो आणि रिक्षाने वरसाव्याला गेलो. नाथा लेकाच्या गॅरेजबाहेर खाटेवर बसला होता. त्याने ओळख दाखवली नाही. मी नमस्कार केला नाही, पत्रच वाचायला घेतलं. सात माणसांपर्यंत तो तिकडे तोंड करून होता. पिठल्यापाशी हसला. मग म्हणाला की दशरथ, बावीस वर्षं हात वर करून बसलास, खांदा दुखला नाही का? आता खाली घे. सुनेला त्याने चहा टाकायला सांगितला, आणि वर ऐकवलं की गुरुजींनी पाच वर्षांत एक विहीर बांधली, तीही कोरडी. मी कबूल केलं. खरंच कोरडी आहे.

आता पंचाईत अशी की तो दर रविवारी इथे येतो आणि विचारतो, कुठल्या राज्यात कोण पुढे गेला, आणि उत्तमराव टिकले का तुझ्या कोपऱ्यात. मला काय कळतंय? दोन रविवार चहावर भागवले. तेव्हा पोरी, पत्र लवकर टाक, या महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत तरी मिळू दे.

तुझे आप्पा